न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि महाडचे चवदार तळे

थोर पुरुषांची चरित्रे आपण आपल्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी वाचतो. बहुधा ती आपल्या ज्ञातीतील, आपल्या प्रांतातील, निदान आपल्या देशातील पुरुषांची असतात. ह्या वर्षी एका परकीयाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे. हा मनुष्य जातीने इंग्रज, पेशाने न्यायाधीश आणि चाकरीने ब्रिटिश सरकारचा बांधलेला होता. आपल्या देशाच्या इतिहासात तीन वेळा त्याचे नाव महत्त्वाच्या प्रसंगी येते. त्यांपैकी तिसरा प्रसंग आपल्या महाडचा आहे. तरीही महाड व पोलादपूर तालुक्यांतील आपल्या घरांतून हे नाव क्वचितच उच्चारले जाते. त्या न्यायाधीशाचे नाव सर रॉबर्ट स्टोनहाउस ब्रूमफील्ड.

आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी ‘तळ्यावरचा दावा’ ह्या विषयावर बोलू लागली, म्हणजे आवाज थोडा खाली आणीत. त्या दाव्यात कोण वादी होते, कोणी साक्षी दिल्या, कोण मुकाट्याने घरी बसले, हे सर्व त्यांस ठाऊक असे. मुलांनी विचारले तर उत्तर मिळत नसे. त्या संकोचाचे कारण वय वाढल्यावर कळले. आज तो संकोच बाजूस ठेवून, त्या दाव्याचा अखेरचा निकाल ज्याने दिला त्या मनुष्याच्या आयुष्याकडे पाहणे उचित होईल असे वाटते.

ब्रूमफील्ड हे हिंदी सनदी नोकरीतील, म्हणजे आय. सी. एस. मधील अधिकारी. त्या काळी ह्या नोकरीची परीक्षा लंडनमध्ये होत असे. तीत उत्तीर्ण झालेला तरुण इकडे आला म्हणजे प्रथम जिल्ह्याच्या मुलकी कारभारात उमेदवारी करी. गावोगाव तंबू ठोकून जमाबंदीचे दप्तर तपाशी, फौजदारी खटले चालवी, देशी भाषेची परीक्षा देई. काही वर्षांनी काहीजण न्यायखात्याकडे वळत. त्यांतून जिल्हा न्यायाधीश होत आणि एखादा उच्च न्यायालयापर्यंत चढे. उच्च न्यायालयातील काही जागा कायद्यानेच सनदी नोकरांसाठी व काही बॅरिस्टरांसाठी राखून ठेवलेल्या असत. बॅरिस्टर न्यायाधीशाने आयुष्य वकिलीत घालविलेले असे; सनदी न्यायाधीशाने गावचा तलाठी, पाटील, सातबारा आणि वहिवाट ही जवळून पाहिलेली असत. ब्रूमफील्ड हे दुसऱ्या प्रकारचे होते, ही गोष्ट पुढील हकिकतीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांचे नाव जगास प्रथम कळले ते इ. स. १९२२ मध्ये. त्या वेळी ते अहमदाबादेस जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. असहकारितेची चळवळ ऐन भरात असता फेब्रुवारीत चौरीचौरा येथे अत्याचार घडला आणि महात्मा गांधींनी बारडोलीची सामुदायिक कायदेभंगाची योजना तहकूब केली. थोड्याच दिवसांत, दिनांक १० मार्च रोजी, सरकारने त्यांस साबरमती येथे पकडले. ‘यंग इंडिया’ पत्रातील तीन लेखांबद्दल त्यांच्यावर व मुद्रक शंकरलाल बँकर यांच्यावर पिनल कोडाच्या १२४-अ कलमान्वये राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. खटला दिनांक १८ मार्च १९२२ रोजी, शाहीबागेतील सर्किट हाउसमध्ये चालला.

खटला असा म्हणण्यासारखा तो चाललाच नाही. आरोपींनी गुन्हा कबूल केला. सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट-जनरल स्ट्रँगमन उभे होते. कबुली घेऊन न थांबता खटला रीतसर चालवावा, म्हणजे मुंबईतील दंगल व चौरीचौरा ह्यांची जबाबदारीही पुढे येईल, अशी त्यांची इच्छा होती. ब्रूमफील्ड यांनी ती मानली नाही. आरोपी गुन्हा कबूल करीत आहेत, तेव्हा शिक्षा किती द्यावयाची एवढाच प्रश्न उरतो, असे त्यांनी ठरविले. नंतर गांधींनी आपले लेखी निवेदन वाचले. एकनिष्ठ प्रजानन होतो तो राजद्रोही कसा झालो, ह्याची ती हकिकत होती. जो कायदा आपणांस गुन्हेगार ठरवितो त्याची जास्तीत जास्त शिक्षा आपणांस द्यावी, अथवा तो कायदा वाईट वाटत असेल तर न्यायाधीशाने राजीनामा द्यावा, असा पेच त्यांनी न्यायाधीशापुढे टाकला.

ह्या प्रसंगी ब्रूमफील्ड यांची वागणूक कशी होती, ह्याविषयी तेथे हजर असलेल्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. आसनावर बसण्यापूर्वी त्यांनी आरोपीस मान लवविली. ह्यापूर्वी आपण ज्यांचा न्याय केला व पुढे ज्यांचा करावा लागेल, अशा सर्वांहून हा आरोपी निराळा आहे, हे त्यांनी उघड मान्य केले. कोट्यवधी लोक ज्यास थोर देशभक्त व नेता मानतात, राजकारणात ज्यांचे त्याच्याशी पटत नाही तेही ज्यास उदात्त आचाराचा पुरुष समजतात, अशा मनुष्यास शिक्षा देण्याचे काम आपल्या वाट्यास आले आहे, ह्याची जाणीव त्यांच्या प्रत्येक शब्दात होती. तथापि कायदा व्यक्ती पाहत नाही, हेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी लोकमान्य टिळकांचे उदाहरण पुढे आणले. इ. स. १९०८ मध्ये टिळकांना ह्याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. टिळकांच्या पंक्तीस बसविले जाण्यात आरोपीस कमीपणा वाटणार नाही, असे मानून त्यांनी प्रत्येक आरोपाबद्दल दोन दोन वर्षे, अशी एकूण सहा वर्षांची साधी कैद फर्माविली. परिस्थिती निवळून सरकारला मुदतीपूर्वी सोडता आले तर आपल्याइतका आनंद कोणासही होणार नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. बँकर यांसही कैद व दंड झाला.

ह्या निकालाची स्तुती करताना एक गोष्ट विसरू नये. न्यायाधीश कितीही सौजन्यशील असला, तरी कैद ती कैदच. मान लवविणाऱ्या त्याच मनुष्याने मान लववून झाल्यावर गांधींना येरवड्यास धाडले. त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागली आणि दिनांक ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांना सोडले. तोपर्यंत जवळजवळ दोन वर्षे ते तुरुंगात होते. परक्या सत्तेचा कायदा अन्यायाचा होता. तो राबविणारा मनुष्य सज्जन होता म्हणून कायदा न्याय्य ठरला नाही. ते कलम स्वातंत्र्यानंतरही आपल्या पिनल कोडात राहिले व इ. स. २०२४ मध्ये ते जुने कोडच गेले तेव्हा त्याबरोबर गेले, हेही येथे नमूद करावयास हवे. त्या दिवशी ब्रूमफील्ड यांनी दाखविले ते एवढेच: कायद्याने जेवढे हात बांधले होते तेवढेच त्यांनी बांधून घेतले, त्याहून एक दोरा अधिक बांधू दिला नाही. सरकारी वकिलास हवा असलेला विस्तार त्यांनी नाकारला आणि आरोपीच्या प्रतिष्ठेस धक्का लागू दिला नाही.

दुसरा प्रसंग बारडोलीचा. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याची फेरजमाबंदी होऊन सरकारने साऱ्यात सुमारे २२ टक्के वाढ केली. इ. स. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले. जप्त्या झाल्या, जमिनी खालसा झाल्या, म्हशी लिलावास निघाल्या. पण लोक ढळले नाहीत. अखेर सरकारने निःपक्षपाती चौकशी मान्य केली. त्या चौकशीवर दोन अधिकारी नेमले गेले. मुलकी खात्याकडून मॅक्सवेल आणि न्यायखात्याकडून ब्रूमफील्ड.

दोघेही इंग्रज, दोघेही सरकारी नोकर. त्यामुळे चौकशीत काय निष्पन्न होणार अशी शंका पुष्कळांस होती. परंतु हे दोन अधिकारी कचेरीत बसून राहिले नाहीत. ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांना समोर बसवून खंडाचे व्यवहार विचारले, कागद पाहिले आणि जमाबंदी अधिकाऱ्याच्या अहवालातील आकडे त्यांच्याशी ताडून पाहिले. शेतकऱ्यांच्या बाजूने महादेवभाई देसाई, नरहरी परीख आदी मंडळींनी पुरावा नीट मांडला. जी वाढ ठरविली गेली ती ज्या खंडाच्या आकड्यांवर आधारली होती, ते आकडे नीट तपासलेलेच नव्हते, असे उघडकीस आले. इ. स. १९२९ च्या अहवालात ह्या दोघांनी २२ टक्क्यांच्या ठिकाणी सुमारे सहा टक्के वाढ पुरेशी होय, असा अभिप्राय दिला. आपल्याच सरकारचे आकडे चुकीचे होते, हे दोन सरकारी नोकरांनी सरकारास लिहून कळविले.

बारडोलीच्या ह्या प्रकरणात ब्रूमफील्ड यांची जी पद्धत दिसते, तीच पुढे महाडच्या दाव्यात दिसते. कोणी कितीही ठासून सांगो, कागद व साक्ष ह्यांच्यापुढे त्याचे म्हणणे टिकते की नाही हे ते पाहत. सरकारचे म्हणणे म्हणून ते खरे मानीत नसत. आणि पुढे, परंपरेचे म्हणणे म्हणूनही त्यांनी ते खरे मानले नाही. चौकशीनंतर ते मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि तेथेच महाडचा दावा त्यांच्यापुढे आला.

आता त्या दाव्याकडे वळू. महाडचे चवदार तळे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. क्षेत्र चार ते पाच एकर. चहू बाजूंनी रस्ता, रस्त्यापलीकडे घरे, त्या घरमालकांपैकी पुष्कळांच्या मालकीच्या पट्ट्या तळ्याच्या काठाशी, त्यांवर बांधलेल्या पायऱ्या व ओटे. पाणी पावसाचे व काही झऱ्यांचे. तळे केव्हा व कोणी बांधले ह्याचा दाखला नाही. महाडास नगरपालिका स्थापन झाली इ. स. १८६५ च्या सुमारास. त्यापूर्वीपासून ते आहे एवढे निश्चित. पुढे तळे नगरपालिकेच्या ताब्यात गेले आणि कागदोपत्री सार्वजनिक झाले. तरी त्यावर पाणी भरणारी घरे तीच राहिली. मुसलमान कुटुंबेही ते पाणी वापरीत. अस्पृश्य मानलेल्या समाजास मात्र तेथे येण्याची सोय नव्हती. पोलादपूर, बिरवाडी ह्या भागांतून बाजारासाठी किंवा कोर्टकचेरीच्या कामासाठी महाडास आलेल्या त्या समाजाच्या माणसास तहान लागली तर तळ्याच्या काठावरून कोरड्या घशाने जावे लागे आणि आपल्या वस्तीत पोहोचेपर्यंत थांबावे लागे. उन्हाळ्यात कोकणातील दुपार कशी असते हे आपणांस सांगावयास नको.

इ. स. १९२३ च्या ऑगस्टात मुंबई कायदेमंडळाने रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली व सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी काही मिळाले नाही. दिनांक १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. भीमराव आंबेडकर परिषदेतील मंडळींसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही आपल्या भागाशी निगडित स्पृश्य मंडळी त्यांच्या बाजूस होती. त्यानंतर काय झाले तेही लपविण्यात अर्थ नाही. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, गावातील लोकांनी परिषदेच्या मंडपावर व परतणाऱ्या माणसांवर हल्ला केला, कित्येक जखमी झाले; पुढे हल्लेखोरांपैकी काहींस शिक्षाही झाल्या. तळ्यात शेणगोमूत्राच्या घागरी ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले. त्यापूर्वीच, दिनांक १२ डिसेंबर १९२७ रोजी, गावातील काही मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. डॉ. आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर प्रभृती प्रतिवादी होते. न्यायालयाने तूर्तातूर्त मनाई हुकूम दिला. डॉ. आंबेडकर स्वतः ग्रेज इनचे बॅरिस्टर. हजारो लोक जमलेले असताही त्यांनी न्यायालयाचा हुकूम मोडावयाचा नाही असा निर्णय घेतला व परिषद तळ्यास फेरी घालून, पाण्यास न शिवता परतली. तहानलेल्या माणसांनी पाण्याच्या काठावरून कायद्याचा मान राखून मागे फिरणे, ह्याची थोरवी त्या वेळी गावास कळली नाही. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालू राहिला.

वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, तळे खाजगी मालकीचे आहे. दोन, ते खाजगी नसले तरी अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये ही वहिवाट अनादि कालापासून चालत आली आहे, व अशी वहिवाट कायद्याइतकीच बंधनकारक आहे. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादी ठाण्यास अपिलात गेले. जानेवारी १९३३ मध्ये तेथेही ते हरले. मग मुंबईच्या उच्च न्यायालयात दुसरे अपील झाले. ते न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे चालले आणि दिनांक १७ मार्च १९३७ रोजी निकाल झाला. गांधींच्या खटल्यास तेव्हा पंधरा वर्षे पुरी होण्यास एक दिवस उणा होता. निकालपत्र ब्रूमफील्ड यांनी लिहिले. वादींपैकी नरहरी दामोदर वैद्य यांच्या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांतून ओळखला जातो.

निकालातील विचारसरणी साध्या शब्दांत सांगता येते. मालकीचा प्रश्न उरलाच नव्हता. तळे नगरपालिकेकडे होते. प्रश्न होता वहिवाटीचा. कायद्याने बंधनकारक होणारी रूढी स्मरणापलीकडची असावी लागते. अलीकडच्या काळात, म्हणजे माणसांच्या आठवणीत, अस्पृश्य तेथे पाणी भरीत नव्हते हे पुराव्याने दिसत होते व त्याविषयी वादही नव्हता. परंतु नगरपालिकेपूर्वीच्या काळात काय होते, ह्याचा पुरावा वादींना देता आला नाही. ते येत नव्हते, एवढ्यावरून त्यांना येण्याचा हक्क नव्हता असे सिद्ध होत नाही. काठावरची घरे व जमिनी वरिष्ठ वर्गाच्या. जवळपास अस्पृश्यांचे एकही घर नाही. अशा ठिकाणी ते येणार कसे, आणि आले तर त्यांस कोण येऊ देणार? ज्यास कोणी येऊच देत नाही, त्याचे न येणे ही त्याची संमती ठरत नाही.

देवळांचे दाखले वादींनी पुढे केले होते. न्यायमूर्तींनी त्यांतील भेद दाखविला. देऊळ विशिष्ट वर्गाच्या उपासनेसाठी अर्पण केले गेले असावे, असे दीर्घ वहिवाटीवरून अनुमान करता येईल. गावातील उघड्या आकाशाखालच्या तळ्याविषयी तसे अनुमान करण्यास आधार नाही. म्हणून रूढी सिद्ध झाली नाही. ती सिद्ध झाली असती तर ती न्यायास व लोकहितास धरून आहे काय, हा पुढचा प्रश्न कदाचित आला असता. तो आता उद्भवत नाही, असे म्हणून अपील खर्चासह फेटाळण्यात आले.

निकालाची भाषा अशी कोरडी आहे. तीत अस्पृश्यतेचा धिक्कार नाही, मानवतेवर प्रवचन नाही. काही वाचकांस ह्याचे वैषम्य वाटते. एवढ्या मोठ्या प्रश्नावर न्यायाधीशाने एवढेच का बोलावे, असे ते विचारतात. हा आक्षेप पोकळ नाही. रूढी सिद्ध झाली असती तर न्यायालयाने तळे पुन्हा बंद केले असते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर निकालात नाही. परंतु ज्यांनी हा दावा लावला त्यांस ह्या कोरडेपणाने जेवढे निरुत्तर केले, तेवढे कोणत्याही धिक्काराने केले नसते. धिक्कार झाला असता तर परकीय न्यायाधीशास आपला धर्म काय कळणार, असे म्हणून मंडळी मोकळी झाली असती. ब्रूमफील्ड यांनी धर्माविषयी काही विचारलेच नाही. तुम्ही जे अनादि म्हणता त्याचा पुरावा काय, एवढेच त्यांनी विचारले. आणि पुरावा नव्हता. गावाने आपल्या सोयीच्या सवयीस अनादि परंपरेचे नाव दिले होते, हे तीन न्यायालयांत, दहा वर्षांच्या खर्चानंतर, गावाच्याच साक्षीपुराव्यावरून ठरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तळे ब्रूमफील्ड यांनी खुले केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते खुले केले ज्यांनी मार खाल्ला त्यांनी. ज्यांनी तळ्याच्या काठावरून पाण्याला न शिवता मागे फिरण्याचा संयम दाखविला त्यांनी. आणि ज्या बॅरिस्टराने महाडपासून मुंबईपर्यंत हा दावा नेटाने लढविला त्याने. निकाल लागला तेव्हा डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि नुकतेच मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. पुढे दहा वर्षांनी देशाची घटना लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १५ व्या कलमाने विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते हे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले. निकालात न उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर इ. स. १९५० मध्ये असे मिळाले. महाडच्या तळ्याचे पाणी त्या कलमात मुरले आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

ब्रूमफील्ड यांच्या पुढील आयुष्यात सांगण्यासारखे फार नाही. त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि इ. स. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते उच्च न्यायालयातून निवृत्त झाले. त्यांचा पुतळा कोठे नाही. अहमदाबादेस त्यांचे नाव गांधींच्या नावाबरोबर निघते, बारडोलीस वल्लभभाईंच्या नावाबरोबर, आणि महाडास निघाले तर डॉ. आंबेडकरांच्या नावाबरोबर निघावयास हवे. तिन्ही ठिकाणी मोठा पुरुष दुसराच आहे. ब्रूमफील्ड त्याच्या समोर बसलेले न्यायाधीश आहेत. पहिल्या ठिकाणी कायदा अन्यायाचा होता व त्यांनी तो राबविला. दुसऱ्या ठिकाणी आपल्याच सरकारचा हिशेब खोटा निघाला व त्यांनी तो खोटा म्हटला. तिसऱ्या ठिकाणी परंपरेचा हिशेब जुळला नाही व त्यांनी तोही मान्य केला नाही. मनुष्य तिन्ही वेळी एकच होता. भला न्यायाधीश वाईट कायद्यास चांगला करू शकत नाही. पण खोट्या पुराव्यास खरा म्हणावयाचे तो नाकारू शकतो. एका माणसाच्या नोकरीत एवढे घडले, हे थोडे नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीचा अभिमान वाढावा म्हणून ही स्मरणिका निघते. अभिमान असावा, परंतु जो अभिमान पुराव्यास भितो, तो टिकत नाही. दरवर्षी २० मार्चला दूरदूरचे लोक महाडास येतात, तळ्याच्या काठी नतमस्तक होतात. त्या दिवशी आपल्यापैकी काही घरांची दारे अजून ओढून घेतलेली असतात, हे मी पाहिले आहे. ज्यांनी दावा लावला ते आपले शेजारी होते. जे साक्षीस गेले व जे गप्प बसले त्यांत आपल्यातलेही असतील. त्यांच्या नावाने आज बोटे मोडण्याचे कारण नाही. त्यांनी जे अनादि मानले, ते दहा वर्षांच्या तपासणीत टिकले नाही, एवढे आपण आपल्या मुलांस आवाज खाली न आणता सांगावे. आणि पुढच्या २० मार्चला, उन्हातून चालत आलेल्या एखाद्या वृद्धाने आपल्या ओटीवर टेकून पाणी मागितले, तर घरातील थंड पाण्याचा तांब्या घेऊन आपणच उठावे. तळ्याचा दावा ज्या दिवशी आपल्या घरांतून निकालात निघेल, त्या दिवशी तो खरोखर निकालात निघाला असे म्हणता येईल.